मैदानाची हद्द कोणी आखायची?

गेल्या हिवाळ्यात एका महाविद्यालयाच्या पारितोषिक वितरण समारंभास मी उपस्थित होतो. अशा प्रसंगी धर्मगुरूला पहिल्या रांगेत बसवतात आणि बोलायला सांगत नाहीत. मला दोन्ही गोष्टी सोयीच्या वाटतात. प्रमुख वक्ते म्हणजे उच्च शिक्षणाच्या प्रशासनात आयुष्य घालवलेले एक जाणते गृहस्थ. भाषणाच्या ओघात ते म्हणाले, "विद्यापीठांच्या सीमा, संलग्नता, स्वायत्तता हे सारे कार्यालयाचे विषय आहेत. खेळाडूचा त्याच्याशी संबंध काय? त्याने मैदानात उतरावे आणि खेळावे." टाळ्यांचा कडकडाट झाला. संकोचापोटी मीही दोन टाळ्या वाजवल्या. त्या दोन टाळ्या परत घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मंडपाबाहेर आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी भेटली. ती शाळेत असताना खो-खोच्या मैदानावर खांबाजवळ सूर मारून गडी टिपायची, तेव्हा रस्त्याने जाणारे लोक सायकली थांबवून पाहात. आता ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "यंदा कुठवर मजल?" मी विचारले. "फादर, मी खेळणं सोडलं," ती म्हणाली. मला वाटले अभ्यास, किंवा गुडघा, किंवा घरच्यांचा विरोध. यांपैकी काहीच नव्हते. तिच्या महाविद्यालयाची संलग्नता बदलली होती. शाळेपासून तिच्याबरोबर खेळलेल्या मैत्रिणी शेजारच्या कला महाविद्यालयात आहेत. त्या एका विद्यापीठाच्या, ही दुसऱ्या विद्यापीठाची. त्यांची निवड चाचणी एस.टी.च्या दोन तासांवर, हिची एका रात्रीच्या प्रवासावर. त्या गावाचे नाव घरी सांगितले तेव्हा आईने अहिराणीत एवढेच विचारले, "हाई गाव कथा शे?" त्या प्रश्नापाशी तिचा खो-खो संपला.

वाचकहो, कार्यालयाच्या विषयाशी खेळाडूचा जो संबंध असतो तो हा असा असतो.

महाविद्यालयीन खेळांची रचना ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन करतो. आपल्या देशात महाविद्यालयाचा खेळाडू पुढे जातो तो विद्यापीठाच्या शिडीने. प्रथम आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आंतरविभागीय, तेथून विद्यापीठाच्या संघात निवड; त्यानंतर भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यासाठी देशाचे चार विभाग केलेले आहेत. आपण पश्चिम विभागात, म्हणजे गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठांच्या सोबतीला. विभागात चमकलेले संघ अखिल भारतीय फेरीत जातात, आणि २०२० पासून त्यावर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची आणखी एक पायरी चढली आहे. या साऱ्या रचनेत एक नियम कळीचा आहे: विद्यापीठ लहान असो वा मोठे, एका खेळात त्याचा संघ एकच. म्हणजे विद्यापीठाची सीमा जो आखतो, तोच किती मुलांमधून बारा जण निवडायचे हेही ठरवतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो.

खान्देशाला सीमांचे नवल नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. आम्हा कॅथलिकांचा धर्मप्रांतही १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा होऊन नाशिकला आला. तेव्हा सीमा बदलण्याला मी सरसकट विरोध करू लागलो तर माझेच आसन डळमळायचे. महाविद्यालयांचे पाहिले तर जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही चाळीसच्या दशकातली महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाची होती, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर पुण्याची झाली आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर जळगावची. मैदान तेच, त्यावरची माती तीच, आणि पन्नास वर्षांच्या आत तीन धनी.

त्या १९९० च्या बदलाचा मी साक्षीदार आहे. गुरुविद्यालयात जाण्यापूर्वी मी खान्देशातल्याच एका महाविद्यालयात शिकत होतो आणि कबड्डीच्या संघात उजव्या कोपऱ्याला उभा राहात होतो. पुणे विद्यापीठाचे क्षेत्र तेव्हा पाच जिल्ह्यांचे होते: पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव. पुढच्या फेरीसाठी घाटाखाली किंवा घाटावर कुठेतरी जायचे म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसच्या सर्वसाधारण डब्यात, दाराशी, वळकटीवर बसून रात्र काढायची, पहाटे उतरायचे, नळाखाली तोंड धुवायचे आणि नऊ वाजता मैदानात उतरायचे. समोरचा संघ आदल्या रात्री आपल्या घरी आईच्या हातचे जेवून झोपलेला असे. आम्ही हरायचो. परतीच्या गाडीत प्रशिक्षकांच्या नकळत रडायचो आणि त्यांच्यादेखत गाणी म्हणायचो. पुण्यातल्या कोणी आमच्यावर अन्याय केला, असे मी म्हणत नाही. पंचही प्रामाणिक होते. अंतर मात्र अंतरच असते. पाच जिल्ह्यांतून बारा मुले निवडायची, आणि आमच्यातला उत्तम चढाईपटू डोळ्यांत रात्रीची झोप घेऊन आलेला.

नवे विद्यापीठ झाले आणि त्याचे स्वतःचे संघ उभे राहू लागले, तेव्हा आमच्याच ओळखीपाळखीची मुले पश्चिम विभागाच्या स्पर्धांना जाऊ लागली. त्यांत मी नव्हतो. माझी पकड बरी होती, पण दम अपुरा होता, आणि तोवर माझे मन दुसऱ्याच शर्यतीत गुंतले होते. पण चाळीसगावच्या, शहाद्याच्या, चोपड्याच्या मुलाच्या अंगावर विद्यापीठाचे नाव छापलेला बनियन प्रथमच दिसला, तेव्हा त्या गावांत काय घडले ते मी पाहिले आहे. लहान भाऊ मैदानावर येऊ लागले. यासाठी मी १९९० च्या विभाजनाचा कैवारी आहे, आजही आहे.

आमच्या पिढीतले काही निवृत्त प्राध्यापक अजून हळहळतात: पुण्याशी नाते तुटले, स्पर्धेचा दर्जा घसरला, आज आपली मुले पुण्याच्या तोडीची असती. ते दाखला देतात की २०२० साली भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पुणे विद्यापीठ थेट दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि जळगावचे नाव कुठे होते? हा युक्तिवाद मला मान्य नाही. पुण्याच्या पदकांत पुणे शहराच्या तालमींचा, जलतरण तलावांचा, क्रीडासंकुलांचा वाटा किती आणि विद्यापीठाच्या सीमेचा किती? शेजारच्या नाशिकचेच पाहा. सावरपाडा नावाच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक घेऊन आली. नाशिक पुणे विद्यापीठात आहे म्हणून ती धावली काय? तिला धावायला शिकवले ते नाशिकमध्ये ठाण मांडून बसलेल्या विजेंदर सिंग या प्रशिक्षकाने. सातपुड्याच्या आमच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, तशाच पायांच्या भिल्ल आणि पावरा मुली रोज डोक्यावर पाणी घेऊन चढण चढतात. त्यांना पुण्याची सीमा नको आहे. त्यांना पहाटे पाच वाजता शिटी घेऊन उभा राहणारा एक माणूस हवा आहे. आणि आपल्या कितीतरी महाविद्यालयांत क्रीडा संचालकाची जागाच रिकामी आहे.

हळहळणाऱ्या मित्रांशी माझे भांडण एवढ्यावर मिटते. खरे भांडण आहे ते १९९० नंतर, फारसा गाजावाजा न होता, सुरू झालेल्या दुसऱ्या वाटणीशी. १९९० च्या सीमेला निदान भूगोल होता. दोन जिल्हे, एक बोली, तापीचे खोरे. (बागलाण, मालेगाव, कळवण हे अहिराणी बोलणारे तालुके नाशिक जिल्ह्यात असल्याने पुण्याकडेच राहिले, ही खंत आहेच.) दुसऱ्या वाटणीला भूगोल उरलेला नाही. ती विषयांनुसार झाली. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि सबंध राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली, धुळ्याचेही गेले. धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला २०१४ च्या अधिनियमाने सबंध महाराष्ट्रातली महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला, आणि खान्देशातली काही अभियांत्रिकी महाविद्यालये तिकडे गेली. शिरपूरला एका मुंबईच्या अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे. तेथले विद्यार्थी तापीकाठी राहतात आणि विद्यापीठाने मुंबईकर असतात.

यांतला प्रत्येक निर्णय अभ्यासक्रमाच्या दृष्टीने समर्थनीय असेल. डॉक्टर घडवण्यासाठी राज्यभर एक परीक्षा असावी, हे मला पटते. लोणेऱ्याचा तर यात काडीचाही दोष नाही. त्या विद्यापीठाने खान्देशाच्या मुलांना बोलावून त्रास द्यावा असा कट रचलेला नाही. पण परिणाम पाहा. धुळ्याच्या एखाद्या मैदानावर संध्याकाळी चार मुले एकत्र व्हॉलीबॉल खेळतात. एक वाणिज्य शाखेचा, तो जळगावचा. दुसरा वैद्यकीयचा, तो नाशिकचा. तिसरा कृषीचा, तो राहुरीचा. चौथा अभियंता होणार, तो रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याचा, येथून चारशे किलोमीटरांच्या पलीकडचा. चौघे जाळ्याच्या एकाच बाजूला उभे राहून उत्तम खेळतात. पण चौघांचा मिळून संघ म्हणून कोणत्याही अधिकृत स्पर्धेत ते कधीच उतरू शकत नाहीत. परीक्षेची उत्तरपत्रिका कोठे तपासली जाते, यावर चेंडू कोणी कोणाला उचलून द्यायचा हे ठरावे, यात शहाणपण कोणते?

बरे, अन्याय केवळ लांब जाणाऱ्यावर होतो असेही नाही. समूह विद्यापीठ म्हणून एक नवी कल्पना राज्यात रुजली आहे. मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था अशा मोजक्या संस्थांचे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. साताऱ्यात २०२१ मध्ये तीन महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. कर्मवीरांच्या नावापुढे मी नतमस्तक आहे आणि या संस्थांच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही. मला फक्त आकडेमोड करायची आहे. एका विद्यापीठाचा एक संघ, हा नियम. तीन महाविद्यालयांच्या विद्यापीठातल्या मुलीला पश्चिम विभागाच्या स्पर्धेत पोहोचायला तीन महाविद्यालयांतल्या मुलींशी झुंजावे लागेल. धडगावच्या मुलीला झुंजायचे आहे नंदुरबार, धुळे आणि जळगाव अशा तीन जिल्ह्यांतल्या साऱ्या महाविद्यालयांतल्या मुलींशी, आणि त्यासाठी दिवसाचा उजेड प्रवासात घालवून. दोघींच्या प्रमाणपत्रावर मजकूर एकच: विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. आणि हे प्रमाणपत्र म्हणजे केवळ भिंतीवर लावायचा कागद नव्हे. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंना शासकीय सेवेत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. स्पर्धा कोणत्या पातळीची, हे तेथे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. ज्या घरात पोलीस भरती हा एकमेव जिना आहे, तेथे त्या पातळीपर्यंत पोहोचायची वाट किती लांब, याला अर्थ असतो.

एका वाचकाने मला तोंडी सांगितले की फादर, ही आपल्याकडची गैरव्यवस्था; प्रगत देशांत असे होत नाही. प्रगत देशांत याहून मोठे झाले, तेही उघड्या डोळ्यांनी. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ विद्यापीठांच्या गटांत खेळले जातात. कोणता गट कोणाचा, हे परीक्षेशी निगडित नसते, शेजाराशी असायचे. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा एक गट १९१५ पासूनची परंपरा सांगत होता. २०२२ च्या जूनमध्ये त्यातल्या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी जाहीर केले की आपण देशाच्या मध्यावरच्या गटात चाललो. त्या गटाने त्याच वर्षी दूरचित्रवाणीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. मग रांगच लागली. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत बारांपैकी दहा विद्यापीठे निघून गेली आणि ऑरेगन राज्य व वॉशिंग्टन राज्य अशी दोनच मागे राहिली, पाहुणे गेल्यावर मांडवात उरलेल्या यजमानांसारखी. स्टॅनफर्ड हे कॅलिफोर्नियातले विद्यापीठ. ते अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले. ज्या गटाच्या नावात 'दहा' आहे त्यात आज अठरा सभासद आहेत, म्हणजे गणितानेही हात टेकले.

हे सारे झाले ते त्यांच्या फुटबॉलसाठी, त्याच्या प्रक्षेपणाच्या पैशासाठी. फुटबॉलचा संघ हंगामात बाराएक सामने खेळतो, खास विमानाने जातो. पण त्याच विद्यापीठाची व्हॉलीबॉलची, पोहण्याची, मैदानी खेळांची मुले-मुलीही त्याच नव्या गटात ओढली गेली. त्यांना भर सत्रात पुन्हा पुन्हा खंड ओलांडावा लागतो. त्यांच्या खेळाला कोणी सात अब्ज देऊ केले नव्हते, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. अमेरिकेत सीमा पैशाने हलवली, आपल्याकडे परीक्षेच्या सोयीने. दोन्हीकडे प्रवासाची पिशवी उचलली ती ज्याला विचारले नाही त्याने.

याच देशातली दुसरी एक घटना आपल्या वाचकांना जवळची वाटेल. पूर्व किनाऱ्यावर १९७९ मध्ये स्थापन झालेल्या एका गटात फुटबॉलवाल्या विद्यापीठांची ये-जा वाढली आणि गटाचे मूळ रूप हरवू लागले. तेव्हा डिसेंबर २०१२ मध्ये जॉर्जटाउन, मार्केट, व्हिलानोव्हा, सेंट जॉन्स, सेटन हॉल, प्रॉव्हिडन्स आणि डीपॉल या सात कॅथलिक विद्यापीठांनी एकत्र बाहेर पडण्याचे ठरवले. 'आम्ही बास्केटबॉल खेळणाऱ्या संस्था आहोत, आमच्यासारख्यांशी खेळू,' असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. २०१३ मध्ये त्यांनी आपला गट जुन्याच नावाने पुन्हा उभा केला. ते दरिद्री झाले नाहीत. व्हिलानोव्हाने २०१६ आणि २०१८ मध्ये बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. यात धर्मनिष्ठेचा विजय शोधण्याचा मोह मी टाळतो, कारण दूरचित्रवाणीचा करार त्यांनीही केलाच. पण आपला खेळ कोणता आणि आपले सोबती कोण, हे त्यांनी स्वतः ठरवले. आपल्याकडे हे ठरवण्याच्या खोलीत खेळाडूंची खुर्ची कधी असते काय?

उत्तरेत आणखी एक वारे वाहते आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आंतरविद्यापीठ खेळांतील सर्वोत्तम कामगिरीसाठी केंद्र शासन मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देते. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो कितीतरी वेळा नेला. २०२४ च्या पुरस्कारांत तो चंडीगढ विद्यापीठाकडे गेला आणि दुसऱ्या क्रमांकावर लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ आले, दोन्ही खाजगी. शिष्यवृत्ती, वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षक पुरवून ती देशभरातून खेळाडू आणतात. गरीब घरच्या खेळाडूला दोन वेळचे अंडी-दूध मिळत असेल तर मी कोण नाव ठेवणार? आमच्या गावातून कोणी गेले तर मी त्याला आशीर्वादच देईन. परंतु उत्तम तेवढे निघून गेले, डॉक्टर-अभियंते होणारे दुसऱ्या विद्यापीठांत वाटले गेले, तर पाठीमागे राहिलेल्या जळगावच्या संघाला आपण कोणत्या तोंडाने विचारायचे की पदके का आणत नाही?

हे लिहिताना आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. आपल्या मिशनऱ्यांनी शाळा बांधल्या तेव्हा आधी मैदान मोजले आणि उरलेल्या जागेत वर्ग बांधले. आपण उलट करीत आलो. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात होतो. तेथे सभागृहासाठी मैदानाची एक बाजू घेण्याचा ठराव माझ्याच सहीने झाला. सभागृह चांगले झाले आहे. त्यात लग्ने होतात. मात्र तेथे आता खो-खोची दोन मैदाने आखता येत नाहीत, एकच येते, आणि मुलींनी कोणत्या वेळी खेळायचे यावरून दर वर्षी वाद होतो. हद्दी आखणारे कार्यालयातले लोक निष्काळजी असतात असे मी म्हणतो, तेव्हा त्या ठरावावरची माझी सही मला दिसते.

मग मागणी काय? 'सारी महाविद्यालये पुन्हा एका विद्यापीठात आणा' अशी अशक्य गोष्ट मी मागत नाही. परीक्षेची हद्द जेथे असेल तेथे राहो. मैदानाची हद्द तिच्यापासून सोडवा. खान्देशाच्या तीन जिल्ह्यांतली सारी महाविद्यालये, कला असो की कृषी, वैद्यकीय असो की अभियांत्रिकी, संलग्नता न पाहता पहिल्या पायरीवर एकमेकांशी खेळू द्या. त्या सामन्यांना मान्यता द्या. धुळ्याची अभियंता मुलगी तेथे दिसेल, तिचे गुण तेथे नोंदले जातील, आणि ज्या विद्यापीठाची ती विद्यार्थिनी आहे त्याने त्या नोंदीवरून तिला संघात घ्यावे. प्राथमिक चाचणीसाठी एका रात्रीचा प्रवास कशाला? पुढच्या पायरीवर पात्रतेचा नियम विद्यापीठाचाच राहील, हे मला ठाऊक आहे. निदान पहिली पायरी तरी घराजवळ असू द्या.

आणि जळगावच्या विद्यापीठालाही एक सांगणे आहे, आपुलकीने. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि तरी सबंध महाराष्ट्राला शहाणे करून गेलेल्या बहिणाबाईंचे नाव त्याने २०१८ पासून धारण केले आहे. एकेकाळी आम्हाला पुणे जितके दूर वाटे तितके आज तळोदा, धडगावच्या मुलांना जळगाव दूर वाटते. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार ते जळगाव दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण सातपुड्यातून नंदुरबारचे स्थानक गाठणे हाच अर्धा प्रवास. आंतरविभागीय अंतिम सामने पाळीपाळीने शहाद्याला, अक्कलकुव्याला, धडगावला न्यावेत. एखाद्या वर्षी जळगावच्या संघालाही रात्रीचा प्रवास करून, नळाखाली तोंड धुऊन, नऊ वाजता मैदानात उतरू द्यावे.

यावर आक्षेप येतील. पहिला येईल की अभियांत्रिकी-वैद्यकीयची मुले मुळात खेळतच नाहीत, मग एवढा खटाटोप कोणासाठी? खेळत नाहीत की खेळणे सोडतात, याची मोजदाद कोणी केली आहे? वर सांगितलेली मुलगी कोणत्याही नोंदवहीत 'सोडले' म्हणून नोंदली गेलेली नाही. ती फक्त आली नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. मी विचारतो, आज त्या चौघांच्या चार दिशांच्या प्रवासाचा खर्च कोण करते? महाविद्यालय जेवढा करते तेवढा, आणि उरलेला बाप करतो, कापसाच्या पैशातून. तिसरा आक्षेप अधिकाराचा: कोणत्या विद्यापीठाने पुढाकार घ्यायचा, सही कोणाची, शिक्का कोणाचा. हा आक्षेप खरोखरीचा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण पाच विद्यापीठांच्या पाच क्रीडा संचालकांना एका दुपारी एका टेबलाभोवती बसवता येत नसेल, तर त्यांच्या खेळाडूंनी संघभावना कोणाकडून शिकायची?

दरम्यान आम्ही आमच्यापुरते करून पाहतो आहोत. नाताळाच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मैदानावर, उरलेल्या एकाच मैदानावर, मुलींच्या खो-खोचे सामने ठेवले आहेत. संघ गावाच्या नावाने उतरतील. जिने खेळणे सोडले ती मुलगी आपल्या जुन्या मैत्रिणींसह नाव नोंदवून गेली आहे. प्रवेशअर्जात मी नाव, वय, गाव एवढेच रकाने ठेवले होते. 'विद्यापीठ' हा रकाना वगळला होता. पंच मिळावेत म्हणून ज्यांना पत्र पाठवले त्या जाणत्या गृहस्थांनी कळवले आहे की तो रकाना घातल्याखेरीज प्रमाणपत्रावर त्यांना सही करता येणार नाही. पत्रव्यवहार चालू आहे.